लाइन गेली की छतावरचं सोलरही का जातं? (चार दिवसांच्या अंधाराचा हिशोब)

धुऱ्यावरून
धागालेखक

मी दारव्हा तालुक्यातला. सध्या नागपुरात पॉवर सिस्टिम्समध्ये पीएचडी करतो. विषयाचं नाव लांबलचक आहे. सोप्यात सांगायचं तर वादळात वितरणाची लाइन पडली की कुठला स्विच तोडायचा, कुठला जोडायचा आणि हाताशी उरलेली वीज आधी कोणाला द्यायची, याचं गणित.

मृगाच्या तोंडावर सुट्टीला घरी आलो आणि दुसऱ्याच दिवशी वावधन, म्हणजे वादळ झालं. आमच्या 11 केव्ही फीडरचे, म्हणजे गावाला वीज आणणाऱ्या 11 हजार व्होल्टच्या लाइनीचे, अकरा खांब आडवे, दोन ठिकाणी बाभळी तारेवर. गाव चार दिवस अंधारात. शेजारच्या मास्तरांनी गेल्या वर्षी छतावर 3 किलोवॉटचं सोलर बसवलंय. दुसऱ्या दिवशी लखलखीत ऊन पडलं तरी त्यांच्याही घरात पंखा फिरेना. संध्याकाळी बाबा ओट्यावर बसून म्हणाले, "तू पाच वर्सं झाले लाइनच शिकून रायला ना? मंग मास्तरच्या घरावर ऊन पडून रायलं अन् घरात अंधार काहून?"

उत्तर मला येत होतं. ते ऐकून बाबांचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. म्हणून हा धागा.

उत्तर असं. अनुदानातून बसतात त्यातली बहुतेक सोलर ऑन-ग्रिड असतात. त्यांचा इन्व्हर्टर स्वतःचा ताल धरत नाही. लाइनीतून येणारा 50 हर्ट्झचा ताल ऐकायचा आणि त्यावर आपली वीज सोडायची, एवढंच त्याला येतं. भजनात टाळकरी पखवाजाकडे कान देऊन वाजवतो, तसं. पखवाज थांबला की टाळकरी थांबतो. याला ग्रिड-फॉलोइंग म्हणतात. आणि तो थांबलाच पाहिजे असा नियमही आहे, त्याचं कारण खाली कोणीतरी सांगेलच, नाहीतर मी सांगतो.

ज्याच्यावर सध्या जगभर काम चालू आहे तो दुसरा प्रकार, ग्रिड-फॉर्मिंग. हा इन्व्हर्टर पखवाजवाला. व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी तो स्वतः धरतो, बाकीचे त्याच्या मागे वाजवतात. त्याच्या पाठीशी बॅटरी लागते, कारण ढग आला म्हणून पखवाजवाल्याला थांबता येत नाही. असा एक इन्व्हर्टर गावाच्या डीपीपाशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी असला, आणि मुख्य लाइनीपासून गाव तोडायचा नीट स्विच असला, तर लाइन पडल्यावर गाव बेटासारखं चालू शकतं. याला मायक्रोग्रिड म्हणतात.

प्रश्न असा की आपल्या गावांत हे खरंच व्हावं का, की हे आमचं प्रयोगशाळेतलं खूळ आहे? लाइनीवर काम केलेल्यांनी, सोलरवाल्यांनी, आणि ज्यांनी चार-चार दिवस अंधार काढलाय त्यांनी लिहा.

---

डीओ_फ्यूज

लाइनमन होतो. एकतीस वर्सं पोलवर चढलो, आता घरी बसलो. नियमाचं कारन मी सांगतो.

डीपी दोनी बाजूनं काम करते राजेहो. वरून 11 हजार देल्ले त खाली 440 येते, हे सगळ्याईले मालूम. पन खालून कोनी 440 घातले त वर 11 हजार निघते, हे कोनाले आठवत नाई. सबस्टेशनातून लाइन बंद, हातात परमिट, म्हंजे लाइन बंद असल्याचा कागद, तरीबी तार जिती. माह्या एका जोडीदाराले असाच झटका बसला. कोन्या तरी घरी जनरेटर चालू होता अन् मेन स्विच पाडला नोता. वाचला, पन एक हात कामातून गेला.

तवापासून मी लाइन बंद असो का चालू, पयले डिस्चार्ज रॉड लावे, दोनी बाजूनं अर्थिंग करे, मंगच हात लावे. तर तुमचा तो पखवाजवाला गावात बसवा, मह्यी ना नाई. पन लाइनमनले दिसन असा तुटलेला स्विच पायजे. डब्ब्यातला नाई. डोयानं दिसला पायजे का पातं उघडं हाये.

---

धुऱ्यावरून

काका, हेच कारण. याला आयलंडिंगचा धोका म्हणतात, आणि आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या 1547 या मानकात नकळत तयार झालेलं असं बेट 2 सेकंदांच्या आत विझलं पाहिजे असं लिहिलंय. मास्तरांचा इन्व्हर्टर बंद पडला तो तुमच्या जोडीदारासारख्यांचे हात वाचावेत म्हणून. डोळ्याने दिसणारा स्विच ही सूचना लिहून घेतली. आमच्या आकृतीत तो एक छोटा चौकोन असतो, पातं कोणी काढत नाही.

---

संत्राबाग

वरुडकडून. आमच्याकडे संत्र्याच्या बागा, सगळं बोअरवर. चार दिवस लाइन नाही म्हणजे मे महिन्यात आंबिया बहाराची फळं गळालीच समजा. मागच्या वर्षी सौर पंप घेतला, 7.5 एचपी. तो लाइनीला जोडलेलाच नाही, त्यामुळे लाइन गेल्याचं मला कळतसुद्धा नाही. मग हा मायक्रोग्रिडचा खटाटोप कशाला? ज्याने त्याने आपापलं लावावं.

एक तक्रार मात्र आहे. कंपनीचा माणूस म्हणाला होता, तुमच्याकडे ऊन जास्त, पाणी जास्त पडेल. मे महिन्यात दुपारी उलट कमी पडतं. फसवलं का?

---

धुऱ्यावरून

दादा, फसवलं असं नाही, अर्धवट सांगितलं. पॅनेलला उजेड हवा असतो, ताप नको असतो. पॅनेलवर लिहिलेले वॉट 25 अंशांना मोजलेले असतात. आपल्याकडे 45 अंशांच्या दुपारी आतली सेल 65-70 अंशांपर्यंत तापते आणि प्रत्येक अंशामागे साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज घटते. म्हणजे 15 टक्क्यांच्या आसपास तिथेच गेली. वर धूळ वेगळी. हिवाळ्यातल्या स्वच्छ दुपारी पाण्याची धार बघा, हरभऱ्याच्या वेळी.

ज्याने त्याने लावावं, याबद्दल: तुमचा पंप वर्षातले किती दिवस चालतो? संत्र्याला ताण द्यायच्या, म्हणजे पाणी तोडायच्या महिन्यात तो बंद असतो, तेव्हा सहा-सात किलोवॉटची पॅनेलं नुसती तापत उभी. तीच वीज तेव्हा गावात आली असती. ऑफ-ग्रिड पंपाला हीच मर्यादा आहे, स्वतःपुरता भक्कम आणि बाकीच्यांना निरुपयोगी.

---

तिरकस_तात्या

धूर आमचा, राख आमची, उजेड मुंबईचा. चंद्रपूरला 2920 मेगावॉट, कोराडी आहे, खापरखेडा आहे, तिरोडा आहे. चंद्रपूरहून पडघ्याला 752 किलोमीटरची डीसी लाइन टाकली 1999 मध्ये, 1500 मेगावॉट सरळ मुंबईच्या उंबऱ्यात. आमच्या वावरावरून जाते ती तार. खाली उभं राहून मोबाइलच्या उजेडात मोटर बघायची. यावर एखादी पीएचडी करा की.

---

धुऱ्यावरून

तात्या, राग कळतो. पण त्यातला तांत्रिक भाग वेगळा करून बघा. चिमणीजवळ राहून फायदा होत नाही. कोराडीची वीज 400 केव्हीवर चढते, मग 220, 132, 33 करत उतरते आणि शेवटी आपल्या 11 केव्हीवर येते. आपल्या गावात त्या चार दिवसांत वरचं सगळं ठणठणीत होतं. तुटला तो फक्त शेवटचा तुकडा. विदर्भात आणखी 5000 मेगावॉट उभे केले असते तरी ते अकरा खांब आडवेच असते.

उलट उदाहरण 31 जुलै 2012 चं. उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन ग्रिड एकदम कोसळले, 60 कोटींच्या आसपास लोक अंधारात. पश्चिम ग्रिड तगला, म्हणून तुम्ही-आम्ही त्या दिवशी टीव्हीवर बातम्या बघू शकलो. तेव्हा वरचं पडलं आणि खालचं शाबूत होतं. या दोन आजारांना औषधं वेगळी लागतात. पैसा वरच्या आजाराला भरपूर मिळतो. खालच्याला, म्हणजे बाभळीखालच्या तारेला, कोणी विचारत नाही.

---

पुणेरी_वऱ्हाडी

मूळ कारंजा लाडचा, आता पुण्यात आयटीत. भरोशाची वीज मोजायला आकडे असतात ना? वर्षात सरासरी ग्राहकाची किती मिनिटं लाइन गेली वगैरे. त्यात तुमचे चार दिवस दिसायलाच हवेत.

---

धुऱ्यावरून

दिसतीलच असं नाही, आणि ही मला सगळ्यात मजेची गोष्ट वाटते. सैदी नावाचा तो आकडा. तो मोजायची आयईईई 1366 म्हणून एक प्रमाण पद्धत आहे. तिच्यात मागच्या पाच वर्षांच्या रोजच्या आकड्यांवरून एक उंबरठा काढतात, 2.5 बीटा म्हणतात त्याला. ज्या दिवशी आकडा त्याच्या वर गेला तो 'महाप्रसंगाचा दिवस', तो वेगळा मांडायचा. हेतू चांगला आहे, रोजचा कारभार आणि आभाळ कोसळणं एकात मिसळू नये. पण परिणाम असा की जितकं मोठं वादळ तितकं ते नेहमीच्या हिशोबातून बाहेर पडण्याची शक्यता जास्त.

म्हणूनच संशोधनात भरवसा आणि चिवटपणा हे दोन वेगळे शब्द झाले. रोज लाइन राहते का, हा भरवसा. आडवं पडल्यावर किती लवकर आणि किती उठता, हा चिवटपणा. अमेरिकेच्या प्वेर्तो रिको बेटावर सप्टेंबर 2017 च्या मारिया वादळानंतर शेवटच्या घरांत वीज यायला जवळजवळ 11 महिने लागले. त्यानंतर या विषयावर शोधनिबंधांचा पूर आला. माझाही त्यातच एक थेंब.

---

डीओ_फ्यूज

थेंबवाले भाऊ, तुमचं गनित कोनता स्विच पाडते?

आमच्या फीडरची लांबी चाळीस किलोमीटर, अन् एबी स्विच, म्हंजे पोलवरचे हातानं ओढाचे स्विच, होते सात. त्यातले चार जंग खाल्लेले. हँडल ओढलं त हँडलच हातात ये. फॉल्ट सापडाची आमची रीत अशी: रातचे दोघं जन टॉर्च घेऊन निघायचं, मदातला एबी पाडायचा अन् सबस्टेशनले फोन करून ट्रायल घ्यायची. ब्रेकर टिकला त फॉल्ट पुढं, पडला त फॉल्ट अलीकडं. मंग त्या अर्ध्याचं अर्धं. नदी-नाल्याच्या पल्याड असला त सकाय होये.

---

धुऱ्यावरून

काका, याला कॉम्प्युटरवाले बायनरी सर्च म्हणतात आणि कॉलेजात त्याची परीक्षा घेतात. तुम्ही ती रात्री पावसात दिलीत.

आणि तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. आम्ही 33 किंवा 123 बसच्या (बस म्हणजे लाइनीवरचे जोडबिंदू) नमुना फीडरवर काम करतो, त्यात भरपूर स्विच असतात आणि बहुतेक सगळे दुरून चालतात. गणित एका मिनिटात सुटतं. मी सुट्टीत आमच्या खऱ्या फीडरची आकृती काढली आणि चालणारे स्विचच टाकले. गणिताला ठरवायला काही उरलंच नाही. दोनच पर्याय, सगळं चालू किंवा सगळं बंद. चार वर्षांचं काम एका जंग खाल्लेल्या हँडलपाशी येऊन थांबलं.

फॉल्ट दाखवणारे दिवे मिळतात, तारेला अडकवायचे. फॉल्टचा करंट त्यातून गेला की लुकलुकतात. लुकलुकणारा शेवटचा दिवा आणि न लुकलुकणारा पहिला, यांच्या मधे फॉल्ट. फार महाग वस्तू नाही. पुढच्या निबंधात मी बॅटरीच्या आधी हे दिवे टाकणार आहे, गाइडला आवडो न आवडो.

---

संत्राबाग

दिवे चोरीला जातील. डीपीतलं ऑइल सुटत नाही.

---

तिरकस_तात्या

+1. ऑइल, तांब्याची तार आणि आता पॅनेलही.

---

सिस्टर_ताई

मी आरोग्य उपकेंद्रात एएनएम, म्हणजे नर्स. तुमच्या चर्चेत बॅटरी-बॅटरी फार चाललंय म्हणून लिहिते. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीचा आयएलआर असतो, बर्फाच्या अस्तराचा फ्रिज. 24 तासांत 8 तास वीज मिळाली तरी तो 2 ते 8 अंश धरून ठेवतो. लाइन गेली की आम्ही एवढंच करतो, झाकण उघडत नाही. चार दिवस मात्र त्यालाही जड जातात, तेव्हा लस दुसऱ्या केंद्रात हलवावी लागते.

बाळंतपण रात्री आलं तर मला लागतो एक चांगला दिवा, बाळाला ऊब द्यायचा वॉर्मर आणि सक्शन मशीन. वॉर्मर सोडला तर सगळं मिळून दोन ट्यूबांएवढं. त्या चार दिवसांसारखी रात्र मीही काढलीय, टॉर्च आशाताईंच्या हातात आणि बाळ आईच्या छातीला लावून.

---

धुऱ्यावरून

ताई, हा प्रतिसाद मी पाठ करणार. तुमचा आयएलआर म्हणजे बर्फात साठवलेली वीज. तसंच गावाची पाण्याची टाकी म्हणजे उंचावर साठवलेली वीज. दिवसा ऊन आहे तोवर पंप लावून टाकी भरली की रात्रीसाठी त्या कामाला बॅटरी लागतच नाही.

हे धरून काल रात्री आमच्या गावाचा हिशोब मांडला. 200 घरं. प्रत्येकाला दोन दिवे आणि एक पंखा, धरा 60 वॉट, म्हणजे 12 किलोवॉट. दहा तासांचे 120 युनिट. एवढी बॅटरी गावाच्या आवाक्यातली नाही. पंखा काढा आणि दिवे सहा तासच ठेवा: 20 वॉट गुणिले 200 म्हणजे 4 किलोवॉट, एकूण 24 युनिट. पाचपट फरक, फक्त पंख्याने आणि चार तासांनी. 24 युनिट म्हणजे एका मोठ्या लोखंडी कपाटाएवढी बॅटरी. ती पत्र्याच्या खोलीत ठेवायची नाही, आपल्या उन्हाळ्यात लिथियमचं आयुष्य भराभर जातं. शाळेच्या जाड भिंतीची खोली बरी.

पंपाची गोष्ट निराळी. 7.5 एचपी म्हणजे साडेपाच किलोवॉट, पण सरळ स्टार्टरवर सुरू करताना मोटर क्षणभर पाच-सहापट करंट ओढते. लाइनीवर ते खपून जातं. कोराडीच्या टर्बाइनचं मिनिटाला 3000 फेऱ्यांनी फिरणारं धूड त्या धक्क्याला पोटात घेतं, जुन्या ऑइल इंजिनाचं जड चाक घेत असे तसं. इन्व्हर्टरला असं चाक नसतं आणि मर्यादेबाहेरचा करंट फारसा सोसत नाही, तो थेट बंद पडतो. तिथे व्हीएफडी, म्हणजे मोटर हळूहळू वेगात आणणारा ड्राइव्ह लागतोच.

---

डीओ_फ्यूज

मोटरीवरून आठोलं. 63 केव्हीएच्या डीपीवर पाच एचपीच्या अकरा मोटरी बसतात, फार त बारा. मी एका डीपीवर बावीस मोजल्या. सगळ्याईले ऑटो स्विच लावून ठेवलेले. रातचे लाइन आली का बावीसच्या बावीस एकदम उठे अन् डीपी गुंगत गुंगत जये. करंट कमी करनारा कॅपॅसिटर कोनाच्याच मोटरीले नाई, लावला त कनेक्शन काढून ठेवलेला. वादळानं जितक्या डीप्या गेल्या त्याच्यापरीस जास्त अशा जयल्या.

---

धुऱ्यावरून

काकांच्या या चार ओळींवर स्वतंत्र धागा होईल. ट्रान्सफॉर्मरच्या आत वेटोळ्यांवर असलेल्या इन्सुलेशनच्या कागदाचं आयुष्य दर 6 अंश जास्त तापमानाला साधारण निम्मं होतं. बावीस मोटरी, वर 46 अंशांचं ऊन. डीपी जळते त्या रात्रीचा दोष शेवटच्या मोटरीला देतात, पण कागद दोन उन्हाळ्यांपासून मरत असतो.

शेतीचा भार दिवसा हलवायची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून आहे. सबस्टेशनजवळ सोलर, दिवसा थ्री फेज. रात्री सापा-विंचवात ओलीत करायला जायचं वाचतं हा फायदा कोणत्याही शोधनिबंधापेक्षा मोठा, आमच्या घरी विचारा. पण त्यातले प्रकल्पही मास्तरांच्या सोलरसारखे टाळकरीच आहेत. सबस्टेशनची लाइन गेली की तेही गप्प.

---

पुणेरी_वऱ्हाडी

बिहारमधलं धरनई आठवलं. 2014 मध्ये 100 किलोवॉटचा मायक्रोग्रिड, देशभर गाजावाजा. मग सरकारी लाइन आली, ती स्वस्त, लोक तिकडे गेले, बॅटऱ्या संपल्या आणि प्रकल्प धूळ खात पडला. तुमच्या कपाटाचं तेच होणार नाही कशावरून?

---

धुऱ्यावरून

होऊ शकतं. धरनईत मायक्रोग्रिड आणि लाइन एकमेकांचे प्रतिस्पर्धी झाले. उलट 2011 च्या भूकंपात जपानमधल्या सेंदाईचा मायक्रोग्रिड तगला. तिथे विद्यापीठाच्या आवारात गॅस इंजिन, सोलर आणि बॅटरी होती आणि जवळच्या रुग्णालयाला वीज मिळत राहिली. तो एरवी लाइनीला जोडलेलाच असे. बेट व्हायची वेळ आली तेव्हाच बेट झाला. वर्षातले 355 दिवस ज्याचा काही उपयोग नाही ते यंत्र उरलेल्या दहा दिवसांत चालू होत नाही, हे आमच्या ग्रामपंचायतीच्या जनरेटरने आधीच सिद्ध केलंय. म्हणून रोज संध्याकाळी तीच बॅटरी पथदिव्यांना वापरायची असं डोक्यात आहे. देखभाल कोण करणार, याचं उत्तर अजून नाही.

---

धुऱ्यावरून
(नऊ दिवसांनी)

ग्रामसभेत मांडून आलो. पैसे कोणाकडेच नाहीत ते सोडा. मी यादी नेली होती, कोणता भार आधी चालू ठेवायचा. आमच्या गणितात प्रत्येक भाराला वजन द्यावं लागतं. मी नागपुरात बसून उपकेंद्राला 10, पाण्याला 8, पथदिव्यांना 5, घरांना 1 दिलं होतं. गिरणी यादीत नव्हतीच.

पहिला आवाज बायकांच्या बाजूने आला: गिरणी कुठाय? चार दिवस पीठ नसलं तर दिवा घेऊन काय करायचं, आणि तालुक्याला दळायला जायला रस्ता कुठे मोकळा असतो. गिरणीची मोटर 10 एचपी. दिवसा उन्हावर दोन तास चालवली तर बसते, मी तिथेच गणित करून बघितलं. पथदिवे त्यांनी सरळ खाली ढकलले, अंधारात आम्ही जन्मलो म्हणे. देवळाच्या भोंग्यावर अर्धा तास गेला, तो शेवटी बाहेर राहिला. मोबाइल चार्जिंग वर गेलं. उपकेंद्र पहिलं, त्यावर वाद नाही.

---

सिस्टर_ताई

उपकेंद्र पहिलं ठेवलंत, बरं वाटलं. पण आधी एवढं बघा, तुमच्या गावातलं उपकेंद्र कोणत्या फेजवर आहे? आमच्याकडे दोन फेज चालू असतात तेव्हाही नेमका आमचाच गेलेला असतो, कारण अर्धं गाव त्याच फेजवर.

---

धुऱ्यावरून

आत्ता जाऊन बघून आलो. आमच्याकडेही तेच. अर्धं गाव आणि उपकेंद्र एकाच फेजवर. सर्व्हिस वायर दुसऱ्या फेजला घ्यायला अर्धा तास पुरेल.

---

डीओ_फ्यूज

आमच्याकडल्या लाइनमनशी बोलतो, पोरगा चांगला हाये, मह्याच हाताखाली शिकला. तू सोमवारी ये. अन् परमिट घेतल्याबिगर पोलले हात लावू नोको, पीएचडी असशीन त तुह्या घरी.